घाटापलीकडे मूल आजारी पडलं तर

दिवेआगर, हर्णै, गुहागर किंवा महाबळेश्वर. सुट्टीची दुसरी रात्र, आणि दोन-तीन वर्षांचं मूल तापानं फणफणलंय किंवा तिसऱ्यांदा उलटी झाली आहे. अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतंच, "आवरा, गाडी काढा, पुण्याला आपल्या डॉक्टरांकडे जाऊ." त्यामागची काळजी खरी असते, पण निर्णय बहुतेक वेळा चुकतो. रात्री ताम्हिणी किंवा वरंध घाट चढताना फोनला रेंज नसते, मैलोन्मैल दवाखाना नसतो, आणि वळणांवर उलटी करणाऱ्या मुलाच्या पोटात चमचाभर पाणीही टिकत नाही. चार-पाच तासांनी पुण्याचा चांदणी चौक येतो तेव्हा मूल निघतानापेक्षा जास्त सुकलेलं असतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी मुलाच्या पोटात पाणी, मग ताप, मग प्रवासाचा विचार. आणि धोक्याची खूण दिसली तर पुण्याकडे नाही, जवळच्या रुग्णालयाकडे. खालची माहिती सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरचा कोणताही उपाय करत बसू नका, त्याच तासाला रुग्णालय गाठा. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

निघण्याआधी

मुलाचं वजन करा. औषधाचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो, आणि हॉटेलात वजनकाटा मिळत नाही. वजन, अ‍ॅलर्जी, चालू औषधं हे सगळं कागदावर लिहून औषधांच्या पिशवीत ठेवा. लसीकरण कार्डाचा फोटो फोनमध्येच साठवून ठेवा, नुसता ईमेलवर ठेवला तर रेंज नसताना उघडत नाही.

पॅरासिटामॉलचा हिशोब घरीच करून घ्या. एका वेळी किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये किमान चार तास, शक्यतो सहा, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. खरी गफलत होते ती बाटलीत. आपल्याकडे हे औषध तीन ताकदींत मिळतं: ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं सिरप, ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं सिरप, आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स. बारा किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे १२० च्या सिरपचे ७.५ मिली, २५० च्या सिरपचे ३.६ मिली, ड्रॉप्सचे १.८ मिली. घरातली बाटली विसरली, गावातल्या मेडिकलमधून दुसऱ्या ताकदीची आणली आणि सवयीनं ७.५ मिली पाजलं, तर डोस दुप्पट होतो. ड्रॉप्स तेवढे दिले तर चौपटीहून जास्त, आणि तसंच परत परत दिलं गेलं तर यकृताला इजा होऊ शकते. म्हणून घरची बाटलीच न्या, तिच्यावर चिकटपट्टी लावून मुलाचा डोस मिलीत लिहा. मोजायला चमचा नको, मेडिकलमधून सुईशिवायची ५ मिलीची सिरिंज घ्या.

पिशवीत बाकी काय: ओआरएसची किमान चार पाकिटं, झिंक, डिजिटल थर्मामीटर आणि त्याचा जादा सेल, सलाइनचे नाकातले थेंब, दमा किंवा झटक्यांसाठी (फिट) डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं औषध. मागच्या आजारातली उरलेली अँटिबायोटिकची बाटली नेऊ नका. पावडरमध्ये पाणी घालून केलेलं सिरप ठरावीक दिवसच टिकतं, आणि व्हायरसच्या तापावर ते काही करत नाही. पिशवी बंद गाडीत उन्हात ठेवू नका. पॅरासिटामॉलच्या सपोझिटरी (शीच्या जागेतून द्यायच्या गोळ्या) तर गाडीत वितळून जातात.

बरोबर आजी-आजोबा असतील तर त्यांच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या कुठे ठेवल्यात ते आल्या आल्या बघा. घरी त्या उंच कपाटात असतात, प्रवासात मात्र पलंगावरच्या पर्समध्ये. लहान मुलाच्या पोटात मधुमेहाची एक गोळी गेली तरी धोका होऊ शकतो. तसं झाल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, गोळ्यांची पट्टी घेऊन थेट रुग्णालयात जा.

आणि निघायच्या आदल्या २४ तासांत ताप आला असेल तर निघू नका. आगाऊ भरलेले पैसे जातील, पण आजाराचे पहिले दोन दिवस घरात, ओळखीच्या डॉक्टरांजवळ काढणं मुलासाठी फार मोलाचं असतं. नुसती सर्दी असेल, मूल खेळतंय, खातंय, तर जायला हरकत नाही.

घाट लागणं हा आजार नाही

दोन वर्षांवरच्या मुलांना घाट लागतो. निघण्याच्या तासभर आधी थोडं कोरडं खायला द्या, पोट रिकामंही नको आणि दुधानं भरलेलंही नको. घाटात मोबाइल किंवा चित्रांचं पुस्तक हातात देऊ नका. डोळ्यांना स्थिर चित्र दिसतं, कानातला तोल सांभाळणारा भाग वळणं सांगतो, आणि या विसंगतीतूनच मळमळ येते. मुलाला खिडकीतून समोरचा रस्ता दिसू द्या. एसटीनं जात असाल तर चाकांच्या मधल्या किंवा पुढच्या सीट घ्या.

अनेक जण घाटासाठी ऑन्डान्सेट्रॉन देतात. पोटाच्या संसर्गातल्या उलटीवर ते चांगलं आहे, घाट लागण्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. घाटासाठीची गुंगी आणणारी औषधं दोन वर्षांखाली देऊ नका, त्यापुढेही डॉक्टरांना विचारूनच. घाट संपल्यावर तासाभरात उलटी थांबली तर तो घाटच होता. माणगावला पोचून, झोप काढूनही चालूच राहिली तर पुढचा भाग वाचा.

उलट्या आणि जुलाब

सहलीत सगळ्यात जास्त हेच होतं, आणि वेळेवर नीट हाताळलं तर बहुतेक मुलं सलाइनशिवाय बरी होतात. जुलाबात धोका असतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून जाण्याचा. जुलाब थांबवणं आपलं काम नाही, गेलेलं भरून काढणं आपलं काम आहे.

ओआरएसचं पाकीट दोन मापांत येतं: मोठं एक लिटर पाण्यासाठी, छोटं २०० मिलीसाठी. पाकिटावर वाचा. मोठं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवणं ही सगळ्यात घातक चूक आहे, कारण त्यानं रक्तातलं मीठ वाढतं आणि मुलाला झटके येऊ शकतात. 'थोडं थोडं करून घेऊ' म्हणून मोठ्या पाकिटातली चिमूट ग्लासात टाकणंही बरोबर नाही, प्रमाण जमत नाही. प्रवासात सोपा उपाय: एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली घ्या, त्यातलं अर्धा कप पाणी काढून ठेवा, अख्खं पाकीट आत रिकामं करा, हलवा, काढलेलं पाणी परत घाला. बाटलीवर वेळ लिहा. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. त्यात साखर, लिंबू, सरबत काही घालू नका.

पाकीट मिळालंच नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. चव बघा: अश्रूपेक्षा खारट लागलं तर टाकून द्या. ही सोय पाकीट मिळेपर्यंतच.

दुकानातले फळांच्या चवीचे टेट्रा पॅक म्हणजे ओआरएस नव्हे. त्यात साखर भरपूर आणि सोडियम कमी असतं, जास्तीची साखर आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली ती याचसाठी. मेडिकलमध्ये मागताना 'डब्ल्यूएचओच्या सूत्राचं पाकीट' असं स्पष्ट मागा. कोकणात शहाळं हाताशी असतं आणि मुलं ते आवडीनं पितात. प्यायला द्या, पण त्यात सोडियम कमी असल्यामुळे ते ओआरएसची जागा घेत नाही.

पाजायचं कसं, यावर सगळं अवलंबून आहे. उलटी झाली की दहा मिनिटं काहीच देऊ नका. मग एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिली, दर तीन मिनिटांनी. फोनवर टायमर लावा. तासाला वीस चमचे म्हणजे १०० मिली होतात, दिसायला कमी वाटतात पण पोटात राहतात. तहानलेल्या मुलाच्या तोंडाला पेला लावला तर ते गटागट पितं, पोट एकदम ताणलं जातं आणि सगळं बाहेर येतं. मग घरात ठरतं की याला ओआरएस पचत नाही. पचतं, वेग चुकलेला असतो. झोपलेल्या मुलालाही सिरिंजनं गालाच्या आत थोडं थोडं देता येतं, मात्र डोकं उंच हवं आणि मूल हाक मारल्यावर गिळणारं हवं. उलटी थांबली की प्रत्येक पातळ शी नंतर दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, त्यापुढे १०० ते २०० मिली.

अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध एकदाही बंद करू नका. उलट्या थांबून तीन-चार तास झाले की खायला द्या: पेज, मऊ भात आणि मुगाचं वरण, केळं, ताकभात. पोटाला विश्रांती म्हणून दिवसभर उपाशी ठेवल्यानं आतडं उशिरा बरं होतं. झिंक सहा महिन्यांवर रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण. ओआरएस आणि झिंक प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतं.

जुलाब बांधणारी लोपरामाइडची गोळी लहान मुलाला अजिबात नको. आतड्याची हालचाल थांबते आणि पोट फुगतं. डॉक्टरांनी ऑन्डान्सेट्रॉनचा एक डोस दिला तर मात्र घ्यावा, उलटी थांबून ओआरएस आत राहतं.

लघवीवर लक्ष ठेवा. डायपरमध्ये पाण्यासारखी शी असेल तर लघवी झाली की नाही कळत नाही, म्हणून पुढच्या भागात सुती कापडाची घडी ठेवून बघा. सहा ते आठ तास लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, तोंड कोरडं, डोळे खोल गेलेले, बाळाची टाळू आत गेलेली, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच डॉक्टर. मूल पेंगुळलंय, हाक मारून उठत नाही, पिऊच शकत नाही, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर सावकाश सपाट होते, शीमधून रक्त, किंवा हिरवी उलटी: या कशातही थांबायचं नाही. हिरवी उलटी आतडं अडकल्याची खूण असू शकते, तिथं शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालयच हवं.

रात्रीचा ताप

ताप काखेत मोजा, थर्मामीटर वाजेपर्यंत हात घट्ट धरून. आलेला आकडा तसाच लिहा, मनानं एक डिग्री मिळवू नका. औषध दिल्यावर ताप नॉर्मलला आलाच पाहिजे असं नाही. मूल सैल झालं, पाणी प्यायलं, थोडं खेळलं की औषधानं काम केलं. १०३ ताप असून आईच्या कडेवरून समुद्राकडे बोट दाखवणाऱ्या मुलापेक्षा १०१ तापात निपचित पडलेल्या मुलाची काळजी जास्त करा. शांत झोपलेल्या मुलाला डोससाठी उठवू नका.

अंगावर एकच सुती कपडा, पंखा चालू. कपाळावर साध्या पाण्याची पट्टी मुलाला बरी वाटत असेल तर ठेवा. थंडगार पाणी किंवा बर्फ नको, हुडहुडी भरून आतला ताप वाढतो.

एकत्र सहलीत एक चूक वारंवार होते: आईनं नऊ वाजता औषध दिलं, ती झोपली, आजीला अंग गरम लागलं म्हणून तिनं अकराला परत दिलं. औषध देणारा माणूस एकच ठेवा आणि प्रत्येक डोसची वेळ कागदावर. डोस दिल्यावर पंधरा मिनिटांच्या आत उलटीत औषध दिसलं तरच परत द्या. त्यानंतर उलटी झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड किंवा दोन औषधं एकत्र असलेली तापाची सिरपं मनानं देऊ नका. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत डेंगीची शक्यता असते, त्यात यांनी रक्तस्राव वाढू शकतो, आणि सुकलेल्या मुलाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. अ‍ॅस्पिरिन मुलांना नाहीच. निमेसुलाइडवर बारा वर्षांखाली २०११ पासून भारतात बंदी आहे, कुणी दिलं तरी घेऊ नका.

तापात झटका आला तर सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तो बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. घड्याळ बघा. मुलाला जमिनीवर किंवा गादीवर डाव्या कुशीवर वळवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा, तोंडाला आलेली लाळ बाहेर वाहू द्या. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा थांबून परत आला, तर १०८. थांबला तरी पहिलाच झटका असेल तर त्याच वेळी डॉक्टरांना दाखवा. गाडीत झालं तर गाडी बाजूला घ्या, चालू गाडीत मांडीवर घेऊन वेग वाढवणं सर्वांसाठीच धोक्याचं आहे.

खोकला, श्वास

छातीवरचा कपडा वर करून, मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या आतल्या बाळाला मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, म्हणजे वेग वाढलाय, त्याच दिवशी डॉक्टर. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, कण्हल्यासारखा आवाज येतो, ओठ निळसर होतात, तर एक मिनिटही घालवू नका.

दुकानातून खोकल्याचं सिरप आणू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये भेसळयुक्त सिरपमुळे मध्य प्रदेशात मुलं दगावली, तेव्हा केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं दोन वर्षांखाली अशी औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत असं सांगितलं. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध चालतो, त्याआधी मध अजिबात नको. हॉटेलात किटलीतून वाफ देऊ नका, भाजण्याचा धोका मोठा आहे. कापूर-ओव्याची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधायची आपल्याकडे जुनी सवय आहे. प्रेमानं होतं ते, पण कापूर लहान बाळाला विषारी आहे, पोटात गेला तर झटके येतात. आजीला हे नीट समजावून ती पुरचुंडी काढून ठेवा.

कोकणात एक आणखी: मूल अचानक किंचाळलं, घाम, उलट्या, हातपाय गार, तर विंचू चावलाय का बघा. महाडला काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या अभ्यासातून प्राझोसिन हे त्यावरचं औषध रूढ झालं आणि असंख्य मुलं वाचली. मांत्रिक नाही, थेट सरकारी रुग्णालय.

कुणाला फोन, कुठे जायचं

मुक्कामाला पोचल्यावर घरमालकांना लगेच विचारून ठेवा: रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, मुलांचे डॉक्टर कुठे, गाडीला किती वेळ लागतो. माणगाव, श्रीवर्धन, दापोली इथं सरकारी रुग्णालयं आहेत. चिपळूण-गुहागर भागासाठी सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय मोठं आहे. महाबळेश्वरच्या बाजूला पाचगणीचं बेल-एअर रुग्णालय आहे. ताम्हिणीतून जाताना पौड सोडलं की औषधांची पुढची मोठी सोय माणगावलाच आहे असं धरून चाला.

१०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. फोन करताना गावाचं नाव सांगून थांबू नका. 'मुरुड' म्हणालात तर रायगडातलं की दापोलीजवळचं हे कळत नाही. जिल्हा, तालुका, गाव, जवळचं देऊळ किंवा किलोमीटरचा दगड असा क्रम ठेवा. घाटात रेंज नसेल तर थांबून राहू नका, घाटातून ज्या बाजूला लवकर उतरता येईल त्या बाजूला जा आणि रेंज येताच फोन करा.

पुण्यातल्या तुमच्या डॉक्टरांना मेसेज करताना 'खूप ताप आहे, काय देऊ?' एवढंच लिहू नका. असं लिहा: "वय २ वर्षं ४ महिने, वजन १२ किलो. रात्री ११ पासून ७ जुलाब, ४ उलट्या, रक्त नाही. सकाळी ६ ला काखेत १०१.२. पॅरासिटामॉल १८० मिलिग्रॅम ६.१० ला. शेवटची लघवी पहाटे ४. ओआरएस २५० मिली पोटात राहिलं. खेळत नाही, पण हाक मारल्यावर बघते. मुक्काम हर्णै, तालुका दापोली." औषधाच्या लेबलचा फोटो जोडा. यावर डॉक्टरांना नेमकं सांगता येतं.

परत कधी निघायचं

शेवटच्या उलटीला सहा तास झालेत, तोंडानं घेतलेलं राहतंय, लघवी झाली आहे, मूल जागं आणि ओळख देणारं आहे, आणि बाहेर उजेड आहे. हे सगळं जमलं तरच घाटाकडे वळा. वाटेत दर तासाला थांबून ओआरएस पाजा, चालत्या गाडीत नको. मुलाला मागच्या सीटवर त्याच्या खुर्चीतच बसवा, आजारी आहे म्हणून पुढे मांडीवर घेऊ नका. दोन मोठे बरोबर हवेत, एक चालवायला, एक मुलाजवळ.

सलाइन लावावं लागलं असेल तर तिथल्या डॉक्टरांनी सोडल्याशिवाय निघू नका. निघताना काय दिलं याचा कागद मागून घ्या, हातानं लिहिलेला चालेल. पुण्यात रात्री उशिरा पोचलात आणि मूल परत मलूल वाटलं तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. ससूनला आणि रास्ता पेठेतल्या केईएमला मुलांना रात्री दाखवता येतं. डोसच्या वेळांचा कागद आणि औषधांची पिशवी तशीच बरोबर न्या. पाळणाघरात पाठवायचं ते जुलाब थांबून ४८ तास झाल्यावर, आणि झिंकच्या उरलेल्या दिवसांची आठवण फोनवर लावून.